प्रार्थनेला शब्दच येत नाहीत तेव्हा

एका ताईंनी विचारलं आहे: "माझे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. आता नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला आहे, सात महिने केमो चालू आहे. चर्चच्या मंडळीतला जो तो सांगतो, देव विश्वासू आहे, धीर धरा. मी प्रार्थनेला बसते, तर शब्द येत नाहीत. आला तर राग येतो. माझा विश्वास गेला आहे का? आणि देव विश्वासू आहे हे मी आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यासाठी तुम्हाला शेवटपर्यंत वाचायला लावणं बरं नाही. नाही, तुमचा विश्वास गेलेला नाही. ज्याच्यावरचा भरवसा उडाला त्याच्याशी माणूस रात्री दोन वाजता भांडत बसत नाही, त्याचा नंबर खोडून टाकतो. तुम्ही अजून भांडताय.

दुसरा प्रश्न मोठा आहे. मी एकतीस वर्षं चर्चचा पाळक होतो. पहिली एकोणीस नगर जिल्ह्यातल्या खेड्यांच्या मंडळ्यांत गेली आणि नंतरची बारा पुण्यात, बहुतेक दवाखान्यांच्या वॉर्डांमधून फिरण्यात. तेवढ्यावरून जे कळलं ते सांगतो. सगळं कळलं आहे असा माझा दावा नाही.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. मी सव्वीस वर्षांचा होतो, नुकताच सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शाळेतून, बाहेर पडलेला. एका वस्तीवर अकरा वर्षांचा मुलगा विहिरीत बुडाला. मी सायकलवरून पोचलो, ओसरीवर बसलो आणि लगेच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, तो भाग. मी वाचत असताना मुलाचे आजोबा उठले, माझ्या हातातलं पुस्तक हळूच मिटलं आणि म्हणाले, "पाळक, आधी चहा घ्या." एवढंच बोलले. पुढचा तासभर कोणी काही बोललं नाही, मीही नाही. त्या वचनात खोटं काही नव्हतं. खोटी होती ती माझी घाई. त्या घरातली शांतता मला सोसवत नव्हती, म्हणून मी ती वचनाने भरून काढत होतो.

तुम्हाला "देव विश्वासू आहे" असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण हेच करत असणार. त्यांच्यावर फार रागावू नका, पण त्यांचं सगळं मनावरही घेऊ नका. शास्त्रातल्या ईयोबाचे, मुलंबाळं आणि सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचे, मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग त्यांनी तोंडं उघडली आणि पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडत राहिले. शेवटी देव काय म्हणतो? हे माझ्याविषयी नीट बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. हाच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देऊन बसला होता आणि देवाला कोर्टात खेचायला निघाला होता!

आता ते वचन घेऊ, जे नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्यासकट छापलेलं असतं: देवाची दया रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा थोर आहे. हे वचन शास्त्रातल्या विलापगीत या पुस्तकातलं, तिसऱ्या अध्यायातलं. कॅलेंडर छापणारे त्याच्या मागचं-पुढचं छापत नाहीत, हे मला नेहमी खटकतं. ख्रिस्तपूर्व 588 च्या सुमाराला बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेने यरुशलेमला वेढा घातला. दीडेक वर्ष वेढा चालला, शहरात अन्न संपलं, मग तट फुटला, मंदिर जळालं आणि माणसं बांधून नेली. त्या राखेत बसून कोणीतरी ही पाच गीतं लिहिली. परंपरा यिर्मया संदेष्ट्याचं नाव घेते, पुस्तकात मात्र लिहिणाऱ्याचं नाव नाही. चौथ्या गीतात आयांनी आपल्या लेकरांचं काय केलं ते लिहिलं आहे. इथे सांगत नाही. तुम्ही आज ते वाचूही नका.

तिसऱ्या गीतात बोलणारा माणूस देवाबद्दल काय म्हणतो पाहा. तो माझ्यासाठी दबा धरून बसलेलं अस्वल आहे. त्याने माझ्या काळजात बाण मारले. खडे चावायला लावून माझे दात पाडले. मी ओरडतो तर तो माझ्या प्रार्थनेला दार लावून घेतो. अठराव्या वचनात तर तो सरळ सांगतो की परमेश्वराकडून मला असलेली आशा मेली. आणि तिथून चार वचनांवर, बाविसाव्या-तेविसाव्यात, ती कॅलेंडरवरची ओळ येते.

मधे घडतं काय? बाहेर काहीच घडत नाही. वेढा उठत नाही, मेलेलं कोणी परत येत नाही. तो फक्त म्हणतो, ही एक गोष्ट मी मनात आणतो. म्हणजे ती आपोआप मनात येत नव्हती, त्याला ओढून आणावी लागली. ताई, ती ओळ वाटण्याची नाही, आठवण्याची आहे. आणि आठवल्यावर तो बराही होत नाही, हे विसरू नका. वीस-एक वचनं पुढे जा, तो पुन्हा तक्रारीवर येतो: तू ढगाने स्वतःला झाकून घेतलंस, म्हणून आमची प्रार्थना तुझ्यापर्यंत पोचत नाही. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनातही समाधान नाही. तू आम्हाला कायमचं टाकून तर दिलं नाहीस ना, अशा शंकेवर ते थांबतं. त्या शंकेसकट ते शास्त्रात आलं, कोणी ती खोडली नाही.

या गीतांची आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. पहिली चार गीतं इब्री (हिब्रू) मुळाक्षरांवर बांधलेली आहेत. बावीस अक्षरं, त्या क्रमाने एकेक कडवं. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराची तीन-तीन वचनं, म्हणून त्याची सहासष्ट होतात. एवढ्या आकांतात क ख ग कोणाला सुचतं? मला वाटतं, आकांत होता म्हणूनच. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा तिच्या दोन गेलेल्या लेकरांची आठवण ओवीत यायची. जात्याचा फेरा आणि ओवीचं माप असल्यामुळे तिला तेवढं रडता यायचं आणि दळणही व्हायचं. एरवी ती कधी रडलेली मी पाहिली नाही. पाचव्या गीतात वचनं बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. तिथे बहुधा त्याचं बळच संपलं.

'विश्वासूपणा' या शब्दाकडेही वळतो, कारण आपल्याकडे तो शब्द गुळगुळीत झाला आहे. मूळ इब्री शब्द एमुना. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते 'आमेन' त्याच धातूचं. अर्थ टणकपणा, डगमगत नाही असं काहीतरी, ज्यावर भार टाकता येतो. पवित्र शास्त्रात हा शब्द अगदी सुरुवातीला जिथे येतो ती जागा मजेशीर आहे. निर्गम, अध्याय 17. रफीदीम इथे इस्राएल लोकांची अमालेकाच्या टोळीशी लढाई चालली आहे, मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएल जिंकतं, खाली आले की अमालेक. पण हात माणसाचे, ते भरून येणारच. मग अहरोन आणि हूर एक धोंडा आणून त्याला त्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात एमुना राहिले, म्हणजे स्थिर राहिले.

ज्या शब्दाचा अर्थ आपण 'विश्वास' आणि 'विश्वासूपणा' असा करतो, तो त्या जागी दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या हातांना लावला आहे. मोशेला कोणी म्हणालं नाही, अजून थोडा विश्वास ठेव, म्हणजे हात दुखणार नाहीत. त्याच्याखाली धोंडा सरकवला.

मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. 2009 साली माझी बायको आयसीयूत होती, नऊ दिवस. दुसऱ्यांच्या खाटांशेजारी शेकडो प्रार्थना केलेला मी, बाहेरच्या बाकावर बसून 'हे प्रभू' याच्या पुढे जाऊ शकत नव्हतो. चौथ्या दिवशी महिला मंडळातल्या दोघीजणी डबा घेऊन आल्या. त्यातली थोरली, जिचा सूर चर्चमध्ये कधी कोणाशी जुळला नाही, मला म्हणाली, "पाळक, आज तुम्ही नका करू प्रार्थना. आज आमची पाळी. तुम्ही झोपा." मी खरंच झोपलो, त्या बाकावरच, दोन तास. जाग आली तेव्हा त्या हलक्या आवाजात, आपल्या त्या बेसुऱ्या सुरात, गाणं म्हणत बसल्या होत्या. माझी बायको वाचली. पण सगळ्यांची वाचत नाहीत, त्याच आयसीयूत त्या नऊ दिवसांत तिघे गेले. म्हणून ती वाचली ही देवाच्या विश्वासूपणाची खूण असं मी कधीच सांगत नाही. तसं सांगितलं तर त्या तीन घरांना मी काय सांगू? त्या दोघींचं येऊन बसणं ही खूण, असं मात्र सांगतो.

म्हणून तुमची मुलगी बरी होईलच, असं मी लिहिणार नाही. ती बरी व्हावी म्हणून आजपासून रोज प्रार्थना करीन. डॉक्टरांवर आणि औषधांवर पूर्ण भरवसा ठेवा. पण "देव विश्वासू आहे, म्हणजे रिपोर्ट चांगला येणार" असं कोणी म्हणालं तर ते मानू नका. नाहीतर रिपोर्ट वाईट आला त्या दिवशी मुलीच्या काळजीसोबत देवही हरवतो. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून, किंवा घरात काही पाप आहे म्हणून हे आलं, असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. औषध बंद करा, नुसती प्रार्थना करा, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशाच एका प्रचारकाच्या सांगण्यावरून इन्सुलिन सोडलेल्या माणसाच्या मातीला मी उभा राहिलो आहे. घरच्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

मग विश्वासूपणा म्हणजे नेमकं काय उरतं? मी लाजराच्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. लाजर मरतो, त्याला पुढे प्रभू येशू उठवतो, पण आधी तो चार दिवस उशिरा येतो. मार्था म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरिया येते आणि तेच वाक्य म्हणते. दोघी बहिणींनी ते चार दिवस घरात एकमेकींना ऐकवलेलं असणार. तो कोणालाच दटावत नाही. पुढे काय करायचं आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी तो कबरेपाशी रडतो. आणि पुढे वधस्तंभावर तो स्वतः बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ तोंडात घेतो: माझ्या देवा, तू मला का सोडलंस? तुम्हाला रात्री जे म्हणावंसं वाटतं आणि म्हणायला भीती वाटते, ते त्याने म्हटलेलं आहे. त्याचं पुनरुत्थान मी मानतो, त्यावरच माझं सगळं उभं आहे. पण वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवारही होता, आणि तुम्ही सध्या शनिवारी आहात. त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानं फार थोडं बोलतात. मीही थोडंच बोलतो.

आपल्या मातीतली एक बाई मला अशा वेळी आठवते. पंडिता रमाबाई. 1858 चा जन्म. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थोतीर्थी उपाशी भटकताना आई, वडील, थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ 1880 मध्ये गेला. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. रमाबाई तेवीस वर्षांच्या. पुढचं शारदासदन, केडगावचं मुक्तिसदन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली हे सगळं आपण संडे स्कूलमध्ये शिकतो. शेवट मात्र कोणी नीट शिकवत नाही. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती मनोरमा जुलै 1921 मध्ये, चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ इब्री आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी भाषांतराच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. त्यांनी ते काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ते पवित्र शास्त्र 1924 मध्ये बाहेर आलं, मुक्तिसदनातल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातांनी.

त्यांनी सोसलं म्हणून तुम्हीही सोसा, असं मला म्हणायचं नाही. अशी तुलना क्रूर असते, आणि ती आपल्या मंडळ्यांत फार होते. मला एवढंच दिसतं की विलापगीताचा तो तिसरा अध्याय, दात पाडणाऱ्या खड्यांपासून रोज सकाळच्या दयेपर्यंत, या बाईच्या हाताखालून शब्द-शब्द करून गेला. माझ्या देव्हाऱ्यात कोणी संत नाहीत, पण तो अध्याय वाचताना तिचा हात मला दिसतो.

आणि देवाशी भांडणं हे मराठी माणसाला बाहेरून शिकावं लागत नाही. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली, हे तुकोबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि विठोबाला जाब विचारायलाही ते कचरले नाहीत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपण पुढे त्या पुलावरची भांडणं विसरलो आणि चर्चमध्ये फक्त गोड गाणी ठेवली. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाऱ्हाणी आहेत. अठ्ठ्याऐंशीव्यात तर शेवटपर्यंत उजेड येत नाही, मूळ इब्रीत त्याचा अखेरचा शब्दच 'अंधार' आहे. आमच्या रविवारच्या उपासनेत ते स्तोत्र वाचलेलं मी किती वेळा ऐकलं? एकतीस वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा वाचणारा मीच होतो.

आता कामाचं बोलू. तुमच्या मंडळीला विश्वासूपणाबद्दल बोलण्यापेक्षा तो करून दाखवायची संधी आहे, आणि ती तुम्हाला मागून घ्यावी लागेल. केमोमधल्या मुलीच्या पांढऱ्या पेशी खाली येतात तेव्हा साधी सर्दीसुद्धा धोक्याची असते. म्हणून प्रार्थनेला घरी येणाऱ्या वीस जणांना सांगा, दाराबाहेर प्रार्थना करा, आत येऊन डोक्यावर हात ठेवू नका, फुलं आणू नका. कोणी रागावलं तर रागावू दे, पाळकांनी सांगितलंय म्हणा. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, आयत्या वेळी धावाधाव होते. तरुण संघाला रक्तगटाप्रमाणे डोनरची यादी करायला लावा आणि ती एकाच मुलाकडे ठेवा. डबा कोणत्या वारी कोणाचा, हे महिला मंडळाने ठरवावं. तुम्ही "काही नको, आहे सगळं" म्हणू नका. मोशेनेही धोंड्यावर बसायला नकार दिला नव्हता.

आणि तुमची स्वतःची झोप. शास्त्रातला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा तेच म्हणतो. सात महिने तुम्ही धड झोपला नसणार. प्रार्थनेला शब्द येत नाहीत याचं अर्धं कारण तिथेही असू शकतं. आठवड्यातून दोन रात्री मुलीजवळ दुसरं कोणीतरी बसू दे.

एलीयासारखं मरण मागावंसं तुम्हालाही वाटत असेल, सकाळी उठवतच नसेल, तर ते लपवू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. मुलीच्या डॉक्टरांनाही सांगा, ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, हा समज ज्याने पसरवला त्याने एलीयाची भाकर नीट वाचलेली नाही.

रविवारी चर्चला जमलं तर जा, मागच्या बाकावर बसा, गाणी म्हणू नका. बाकीचे म्हणतील तेवढी पुरे आहेत. प्रभूची प्रार्थना येते तेव्हा 'आमच्या' हा शब्द ऐका. ती प्रार्थना एकट्याने म्हणायची केलेलीच नाही, त्यामुळे एखाद्या रविवारी तुमचा आवाज त्यात नसला तरी तुम्ही त्यात असता.

घरी शास्त्र उघडावंसं वाटलं तर तेरावं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तो चार वेळा "किती काळ" विचारतो. शेवटच्या वचनापर्यंत तो गाण्यापर्यंत पोचतो, पण तुम्ही आज पोचायला हवं असं काही नाही. पहिली दोन वचनं मोठ्याने वाचा, हवी तेवढ्या रात्री, आणि पुस्तक मिटून ठेवा. पुढची चार मी तुमच्यासाठी इथे वाचतो आहे. मुलीचं पाळण्यातलं नाव नको, प्रार्थनेत घ्यायला तुम्ही तिला लाडाने काय म्हणता तेवढं कळवा.